तुलनेची शाळा

ता. २ सप्टेंबर, मंगळवार

वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मला नोकरी लागली. नोकरी म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. आठवड्यातून एक दिवस, आणि तीही एप्रिलपर्यंतच. तरीही नेमणुकीचे पत्र आहे, त्यावर शिक्का आहे, आणि माझे संपूर्ण नाव एकही चूक न करता लिहिलेले आहे.

काम असे. प्राथमिक शाळेतील चौथीच्या मुलांना अर्थशास्त्राची तोंडओळख करून देण्याचा एक उपक्रम यंदा सुरू होत आहे. भाव का चढतो, बचत कशासाठी, एक गोष्ट निवडली की दुसरी का सोडावी लागते, असे विषय. पुलाजवळच्या शाळेत हा उपक्रम चालेल. टेकडीवरच्या शाळेत चालणार नाही. दोन्हीकडे आता एक चाचणी घ्यायची आणि मार्चमध्ये पुन्हा तीच घ्यायची, म्हणजे उपक्रमाचा उपयोग झाला की नाही हे कळेल. टेकडीवरच्या शाळेची चाचणी मजकडे आहे. कागदोपत्री तिला 'तुलनेची शाळा' म्हणतात.

पुलाजवळच्या शाळेत अर्थशिक्षिका म्हणून आमच्या सूनबाईंची नेमणूक झाली आहे, एका वर्षाच्या करारावर. म्हणूनच ती शाळा मला दिलेली नाही. हे योग्य केले. चिरंजीवांचा कारखाना गेल्या वर्षी बंद पडल्यापासून ते घरी पंखे दुरुस्त करतात; पण लोकांचे पंखे आपल्या सोयीने बिघडत नाहीत. घर सूनबाईंच्या पगारावर चालते, हे लिहून ठेवण्यास मला संकोच वाटत नाही.

पाहणीच्या प्रमुख बाई तिशीच्या आतील आहेत. त्यांनी विचारले, "आजोबा, शिक्षण किती झालंय?"

मी म्हणालो, "चौथी. पण चौथी पूर्ण."

"आणि काम काय करायचात?"

एकेचाळीस वर्षे धान्याच्या गोदामात काट्यावर होतो, असे मी सांगितले. त्या हसल्या. "मग तुम्हीच हवेत. आम्हाला शिक्षक नकोच होता. शिक्षकांना गप्प बसवत नाही."

नियमांचा कागद दिला. नियम सात आहेत. नियम ३: चाचणी चालू असताना कोणत्याही मुलास उत्तर सांगू नये, सुचवू नये, चेहऱ्यानेही दर्शवू नये. नियम ५: चाचणीविषयी दुसऱ्या शाळेशी संबंधित व्यक्तीशी बोलू नये.

सौ.ला नियम ५ वाचून दाखविला. ती म्हणाली, "म्हणजे सासरा आणि सून एकाच घरात तोंडाला कुलूप लावून बसणार. बसा. तसंही तुम्ही तिच्याशी कधी दोन शब्द बोललात?"

हे खरे नाही. जरुरीपुरते मी नेहमी बोलतो.

ता. १० सप्टेंबर, बुधवार

टेकडीला एकशे बत्तीस पायऱ्या आहेत. दोनदा बसावे लागले. दुसऱ्यांदा बसलो तेव्हा कोणी पाहिले नाही.

चौथीच्या वर्गात मी एकसष्ट वर्षांनी पाऊल ठेवले. मुले सव्वीस. बाके पूर्वीपेक्षा ठेंगणी वाटली. शाळेच्या बाई एकट्या तिसरी आणि चौथी असे दोन वर्ग सांभाळतात. मधले दार उघडे ठेवून त्या उंबरठ्यावर उभ्या राहतात आणि मान एकदा इकडे, एकदा तिकडे करतात. त्यांची मान दुखत असणार.

प्रश्न वीस. प्रत्येक प्रश्न मी दोनदा, एकाच वेगाने आणि एकाच आवाजात वाचला. मुलांनी उत्तरे लिहिली. चेहरा कोरा ठेवणे मला जड गेले नाही. काट्यावर तोच धंदा होता. परंतु उत्तरे गोळा करताना जे दिसले त्याने मन खिन्न झाले. 'तुमच्याजवळ एक तास आहे. तुम्ही खेळ सोडून चित्र काढले, तर त्या चित्रासाठी तुम्ही काय दिले?' यावर बावीस मुलांनी लिहिले, 'काही नाही, कागद घरात होता.' 'यंदा संत्री कमी आली, घेणारे तितकेच, तर भावाचे काय होईल?' यावर एकाने लिहिले, 'कमी होईल, कारण संत्रीच कमी.' बँकेतले पैसे कोठे असतात, यावर एकीने लिहिले, 'आजीच्या उशीत.'

सर्व कागद लिफाफ्यात घालून मोहोर केली. मी निघणार तोच दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. वर्गात तिला सर्वजण शंका म्हणतात.

"आजोबा, खरं उत्तर काय होतं?"

"कशाचे?"

"सगळ्याचंच."

नियम ३ मी मनात पुन्हा वाचला. चाचणी चालू नव्हती. लिफाफा बंद झाला होता. चुकीचे उत्तर डोक्यात घेऊन मूल घरी जावे हे मला पटेना. चुकीचे वजन लागले तर गाडी फाटकाबाहेर सोडीत नसत. मी एका प्रश्नाचे उत्तर सांगितले. एकाच.

ता. ८ ऑक्टोबर, बुधवार

दर बुधवारी जाऊन हजेरी मोजायची आणि आठवडाभरात काय शिकविले ते बाईंना विचारून तक्त्यात भरायचे, हे माझे काम. दहा मिनिटांचे. परंतु शाळेच्या बाई म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही आलातच आहात तर या चौथीजवळ जरा बसाल का? माझी तिसरी पाढ्यात अडकलीय." एका बाईने दोन वर्ग ओढावेत आणि आपण पायऱ्या उतराव्यात, हे शोभले नसते.

मुलांना चाचणीतले प्रश्न आठवत होते. मला तर ते पाठच झाले होते. प्रत्येक प्रश्न दोनदा वाचला होता. प्रश्नपत्रिका मी परत केली आहे. डोक्यात राहिलेले परत करण्याची सोय नाही.

दर बुधवारी तीन चुका दुरुस्त कराव्यात असे ठरविले. मी विचारतो, मुले एका सुरात उत्तर देतात, मग प्रत्येकाने दहा वेळा लिहायचे. शिस्त चांगली आहे. मुले मला गुरुजी म्हणू लागली. तसे म्हणू नका असे मी त्यांना सांगितले. एकदा सांगितले.

तक्त्यात भरले: हजेरी चोवीस. अर्थशिक्षणाचा पाठ: झाला नाही.

ता. १९ नोव्हेंबर, बुधवार

सूनबाई संध्याकाळी आल्या आणि पायातले न काढताच खुर्चीत बसल्या. त्यांच्या पिशवीतून पुठ्ठ्याचे तुकडे, रंगीत चिठ्ठ्या, दोऱ्याची रिळे खाली पडली. वर्गात बाजार भरवितात म्हणे. काही मुले विकणारी, काही घेणारी, आणि दर आठवड्याला काहीतरी बिघडवायचे: कधी माल कमी, कधी गिऱ्हाईक कमी, कधी पूलच बंद. हे मी चिरंजीवांकडून ऐकले. त्यांना नियम लागू नाही.

सौ. म्हणाली, "जरा आडवी हो गं. पोरं तुला खाऊन टाकतील अशानं."

सूनबाई म्हणाल्या, "आई, आज त्यांनी चक्क भांडण केलं. पूल बंद झाल्यावर दोरा महाग करायचा की नाही यावर. एक रडली. शेवटी कुणालाच उत्तर सापडलं नाही."

"मग तू सांगायचंस ना!"

"सांगितलं असतं तर भांडण थांबलं असतं."

मी वर्तमानपत्र वाचीत होतो. बोलण्याचा अधिकार नव्हता, परंतु मनात आले की अडीच महिन्यांनी जर मुलांना उत्तर सापडत नसेल तर शिक्षिकेने ते फळ्यावर लिहून द्यावे. आमच्या टेकडीवर आजपर्यंत अकरा उत्तरे पक्की झाली आहेत. खेळून कोणी शहाणे झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. पण पोरगी थकते, हे खरे. चहाचा कप हातात तसाच राहिला आणि ती बसल्या जागी झोपली.

ता. १४ जानेवारी, बुधवार

गुडघे सुजले आहेत. सौ. म्हणाली, "दहा मिनिटांच्या कामाला दीड तास कसा लागतो हो? वर कुणी ठेवलीय का?"

मी उत्तर दिले नाही. या वयात असल्या थट्टेस उत्तर देणे म्हणजे तिला उत्तेजन देणे होय.

विसापैकी वीस उत्तरे झाली. आता उजळणी. मी 'संत्री कमी' एवढेच म्हणतो आणि सव्वीस गळ्यांतून 'भाव वाढेल' असे येते. ते ऐकताना अंगावर काटा येतो. 'चित्र काढले, काय दिले?' 'खेळ!' पलीकडची तिसरीसुद्धा आता ओरडते.

शंकेने मात्र हात वर केला. "गुरुजी, पण एखाद्याला खेळायला आवडतच नसेल तर?"

"प्रश्नात तसे दिलेले नाही."

"पण असू शकतं ना."

"जे दिलेले नाही त्याचा विचार करू नये. लिही, खेळ."

तिने लिहिले. मुलगी हुशार आहे, परंतु फाटे फोडते.

ता. १८ मार्च, बुधवार

अखेरची चाचणी झाली. तेच वीस प्रश्न. मी प्रश्न अर्धा वाचेपर्यंत पेन्सिली चालू झालेल्या असत. चेहरा कोरा ठेवणे आज जड गेले.

लिफाफ्यावर मोहोर केली. उतरताना एकदाच बसलो.

ता. २७ मार्च, शुक्रवार

सूनबाई आज दुपारीच घरी आल्या. पिशवी मोकळी होती. चिरंजीवांनी विचारले, "काय झालं?" त्या म्हणाल्या, "करार संपतोय एप्रिलअखेर. पुढे नाही."

मग त्यांनी सर्व सांगितले. नियम ५ आता उरला नाही, कारण निकाल लागला. सप्टेंबरमध्ये दोन्ही शाळांची सरासरी विसात सहा होती. मार्चमध्ये पुलाजवळची पंधरा झाली आणि टेकडीवरची सतरा. जेथे काही शिकविले नाही तेथील मुले अधिक शिकली, तर उपक्रमाचा उपयोग शून्य. मुले वाढतात तशी आपोआप शहाणी होतात, असा कचेरीचा निष्कर्ष आहे. पुढील वर्षी उपक्रम बंद.

सूनबाई रडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मी काहीच केलं नाही असं निघालं, आई. आकड्यांत निघालं. आता भांडणार कुणाशी?"

चिरंजीव अंगणात जाऊन उभे राहिले. तेथे त्यांना काही काम नव्हते.

सौ. माझ्याकडे वळली. "मग तुमच्या टेकडीवरच्या पोरांना कुणी शिकवलं?"

"कोणीही नाही," मी म्हणालो. "मी फक्त त्यांच्या चुका सांगत होतो."

सौ. म्हणाली, "अहो, मग शिकवणं आणखी काय वेगळं असतं?"

सूनबाईंनी मान वर केली. त्यांनी काही विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते.

ता. २८ मार्च, शनिवार

दिवसभर खोलीत होतो. कागदावर मांडून पाहिले. तुलनेची शाळा याचा अर्थ सात महिन्यांत मी कधी लावलाच नव्हता. एका पारड्यात सूनबाईंची शाळा, दुसऱ्यात टेकडी. दुसऱ्या पारड्यास कोणी हात लावावयाचा नाही, एवढेच तिचे काम. आणि मी दर बुधवारी एकशे बत्तीस पायऱ्या चढून त्यात भर टाकीत होतो, आणि तक्त्यात 'झाला नाही' असे लिहीत होतो.

एकेचाळीस वर्षांत माझ्यावर काटा मारल्याचा आरोप कोणी केला नाही. आता मारला तो घरच्याच माणसाविरुद्ध.

नियम ३ पुन्हा वाचला. 'चाचणी चालू असताना.' शब्दाने मी निर्दोष आहे. हे वाक्य लिहिले आणि वाचताना माझे मलाच कसेसे झाले.

ता. ३० मार्च, सोमवार

कचेरीत जाऊन पाहणीच्या बाईंना सर्व सांगितले. उभ्यानेच सांगितले. त्यांनी तक्ते काढले.

"आजोबा, तुम्ही दर बुधवारी लिहून दिलंत. पाठ झाला नाही. पंचवीस वेळा."

"पाठ झालाच नाही. मी फक्त—"

"चुका सांगितल्या."

"होय."

त्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. चष्म्याविना त्या अगदी लहान दिसतात. "माझं एक वर्ष गेलं हो," असे म्हणाल्या. रागावल्या असत्या तर मला उत्तर देता आले असते.

मी विचारले, "सूनबाईंचा करार?"

"ते माझ्या हातात नाही. मोठ्या साहेबांपुढे ठेवते."

घरी येऊन सूनबाईंना सांगितले. त्या पाटीवरचे जुने खडूचे डाग पुशीत होत्या. पुशीतच राहिल्या. "मला शुक्रवारीच कळलं होतं, बाबा," एवढे म्हणाल्या.

ता. ६ एप्रिल, सोमवार

साहेबांनी बोलाविले होते. मी शिक्षेची तयारी ठेवून गेलो. प्रत्यक्षात त्यांनी खुर्ची पुढे केली.

"आजोबा, तुम्ही म्हणजे कमाल केलीत! चौथी शिकलेला माणूस, ना साहित्य, ना प्रशिक्षण, आठवड्यातून एक तास, आणि सतरा! आमच्या सगळ्या तामझामाला पंधरा. एका मुलामागे तुमचा खर्च किती?"

"काही नाही," मी म्हणालो.

"काही नाही!" साहेबांनी पाहणीच्या बाईंकडे पाहिले. "ऐकलंत? हाच तर शोध आहे."

त्यांच्या मनात असे आहे की पुढील वर्षी प्रत्येक शाळेस एक निवृत्त आजोबा द्यावा, मानद, आणि पहिला मी. पुलाजवळच्या शाळेत वर्गाच्या दारावर नावाची पाटी लागेल: मानद गुरुजी. पाहणीच्या बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. त्यांना हे आवडले नसावे. त्यांचे वर्ष वाया गेले आहे, समजण्यासारखे आहे.

मी विचार करून कळवितो असे म्हणालो, कारण लगेच होकार देणे बरे दिसत नाही. परंतु येताना मी उगीचच वळसा घेऊन टेकडीच्या पायथ्यापर्यंत गेलो. वडिलांनी मला चौथीतून काढले तेव्हा आमचे मास्तर घरी आले होते आणि 'हा पोरगा मास्तर झाला असता' असे म्हणाले होते. हे मी कधी कोणाजवळ बोललो नाही.

ता. ७ एप्रिल, मंगळवार

घरात सांगितले. सौ. काही बोलली नाही, हे नवल. चिरंजीव म्हणाले, "वा." सूनबाई कपड्यांच्या घड्या करीत होत्या.

"अभिनंदन, बाबा."

"तुमच्याविषयीही मी साहेबांशी बोलेन."

"काय बोलणार? तुम्ही फुकट आहात, मी पगारी." शर्टाची बाही त्यांनी सरळ केली. "मी साहेब असते तर मीही तुम्हालाच ठेवलं असतं."

त्यांनी हे टोचून म्हटले नाही. हिशेब सांगावा तसे सांगितले. आणि तो बरोबर होता.

मग सौ. बोललीच. "पाटी कुठे लावणार म्हणे? दारावर? तिथे तिचं नाव होतं ना?"

ता. ९ एप्रिल, गुरुवार

दोन दिवस मी स्वतःशी वाद घालीत आहे. मी खरे सांगितले; खऱ्यातून हे निघाले; यात माझा दोष कोणता? परंतु गोदामात एक गोष्ट शिकलो होतो. पोते भरलेले दिसले तरी टोचणी घालून आतला दाणा काढून पाहायचा. वरचा दाणा सर्वांचाच चांगला असतो.

मी मुलांना काय दिले ते मी जाणतो. वीस उत्तरे. एकविसावे माझ्याजवळ नव्हते, मग त्यांना कोठून देणार? शंकेने ते मागितले होते आणि मी तिला गप्प केले. हे माझ्याखेरीज कोणास ठाऊक नाही. मी बोललो नाही तर दारावर पाटी लागेल.

दुपारी कचेरीत गेलो. साहेबांना म्हणालो, "माझे काम पाहून घ्या आणि मग ठरवा. दोन्ही शाळांना दहा नवे प्रश्न घाला. मला आधी दाखवू नका."

साहेब म्हणाले, "कशाला? झालंय की सिद्ध."

"झालेले नाही. मी फक्त तेच वीस शिकविले."

"आजोबा, स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेता?"

पाहणीच्या बाई मध्येच बोलल्या. "सर, त्यांचं बरोबर आहे. बुधवारी घेते. माझी मी घेते, कुणी दुसरं वर्गात नको." त्यांच्या आवाजात बरेच दिवसांनी जीव आला होता. माझ्याकडे मात्र त्यांनी पाहिले नाही.

ता. १५ एप्रिल, बुधवार

मला वर्गात प्रवेश नव्हता. बाहेर व्हरांड्यात बाकावर बसलो. खिडकी उघडी होती, त्यामुळे प्रश्न ऐकू येत होते. मीही वर्तमानपत्राच्या कडेला उत्तरे लिहिली, सहज म्हणून.

पहिलाच प्रश्न: 'सुताराला एका दिवसात एक खुर्ची किंवा एक स्टूल करता येते. आज त्याने खुर्ची केली. त्या खुर्चीसाठी त्याने काय सोडले?'

प्रश्न एकदाच वाचून झाला आणि आत सर्व पेन्सिली एकदम चालू लागल्या. इतक्या चटकन, इतक्या आत्मविश्वासाने. मला कळले. पाहणीच्या बाई दुसऱ्यांदा वाचू लागल्या तेव्हा वर्गाने एका सुरात, न सांगता, उत्तर म्हटले.

"खेळ!"

बाईंनी हातातला कागद खाली केला. मग म्हणाल्या, "मोठ्याने म्हणायचं नाही हं. लिहा नुसतं."

तिसरा प्रश्न छत्र्यांचा होता. छत्र्या दुप्पट आल्या, घेणारे तितकेच. चौथा दोनदा ऐकूनही मला स्वतःलाच समजला नाही. सातवाही नाही. वर्तमानपत्र मी घडी करून खिशात ठेवले.

सुटल्यावर शंका माझ्याजवळ येऊन बाकावर बसली. पाय हलवीत होती.

"गुरुजी, आपला एकपण प्रश्न आला नाही."

"होय."

"तो सुतार खेळत नव्हता ना पण?"

"नव्हता."

"मग मी स्टूल लिहिलं होतं आधी. पण सगळे खेळ म्हणाले म्हणून खोडलं." तिने माझ्याकडे पाहिले. "चुकलं का आमचं?"

"तुमचे काही चुकले नाही. माझे चुकले."

तिने विचार केला. "मग दहा वेळा लिहा," असे म्हणाली आणि पळाली.

जाताना पाहणीच्या बाईंना मी वर्तमानपत्र दाखविले. त्यांनी उभ्या उभ्याच तपासले. दहापैकी चार. "मुलांपेक्षा जास्त असतील," असे म्हणाल्या. हसल्या नाहीत, पण पहिल्या दहा पायऱ्या त्यांनी मला हात धरून उतरविल्या. नको म्हणण्याइतके बळ नव्हते.

ता. २२ एप्रिल, बुधवार

दहा नव्या प्रश्नांत पुलाजवळच्या शाळेची सरासरी सात. टेकडीवरची दोन. सव्वीसपैकी एकवीस मुलांनी सुतारास खेळातून उठविले.

आज बुधवार. तयार होऊन बसलो आणि मग आठवले की कोठे जायचे नाही.

ता. ४ मे, सोमवार

पत्र आले. मानद आजोबांची योजना स्थगित. तुलनेच्या शाळेची मोजणी रद्द. माझे नाव पाहणीच्या यादीतून वगळले आहे, 'आपल्या सहकार्याबद्दल आभार' असे छापील वाक्य आहे. हे सर्व नियमाला धरून आहे.

सूनबाईंच्या पत्रात दोन वर्षांचा करार आहे. पुलाजवळची शाळा सोमवार ते बुधवार, आणि टेकडीवरची गुरुवार, शुक्रवार. तुलनेसाठी नदीपलीकडची तिसरी शाळा शोधली आहे. टेकडीवरची मुले आता पाचवीत जातील, पण पाहणीच्या बाईंच्या सांगण्यावरून त्यांनाही एक वर्ष हा उपक्रम मिळणार आहे.

चिरंजीवांनी पत्र दोनदा वाचले आणि मग पंख्याचे पाते घेऊन ते उगीचच पुशीत बसले. सौ. म्हणाली, "एकशे बत्तीस पायऱ्या आता हिच्या नशिबी आल्या. तुमची देणगी."

संध्याकाळी सूनबाई माझ्या खोलीत आल्या. या घरात त्या आल्यापासून नऊ वर्षे झाली. माझ्या खोलीत त्या केर काढण्याखेरीज आल्याचे मला आठवत नाही. हातात वही होती. त्या स्टुलावर बसल्या.

"बाबा, टेकडीवरच्या मुलांना काय काय येतं?"

"वीस उत्तरे येतात. ती तुम्हाला प्रथम पुसावी लागतील."

"ते बघीन मी. मुलं कशी आहेत ते सांगा."

मी म्हणालो की मी फक्त हजेरी घेत होतो, मला विशेष माहिती नाही. त्या वही उघडून बसूनच राहिल्या. तेव्हा जे आठवले ते सांगितले. खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावरच्या मुलाला फळा दिसत नाही, तो शेजारच्याचे पाहून लिहितो. त्यास ओरडू नये, पुढे घ्यावे. दोघी जुळ्या आहेत, त्यांतील धाकटी थोरलीच्या आधी कधी उत्तर देत नाही. थोरली गैरहजर असेल त्या दिवशी तिला विचारावे. दाराजवळचा बुधवारी उपाशी येतो, कारण त्याची आई मंगळवारी रात्रपाळीस असते. उंच मुलगी डाव्या हाताने लिहिते आणि लाजते. एक जण मोठ्याने ओरडतो, परंतु त्यास वाचता येत नाही, तो नुसते सुरात सूर मिसळतो. हे मला फेब्रुवारीत समजले. शंका दुसऱ्या बाकावर बसते. ती पहिल्यांदा लिहिते ते बहुधा बरोबर असते, मग खोडते. खोडण्यापूर्वी तिच्याकडून वही घ्यावी.

सव्वीसही झाले. सूनबाईंनी एकदाही मध्ये थांबविले नाही. वहीची सहा पाने भरली. बाहेर सौ. दोनदा जेवणास हाक मारून गेली.

"आणखी?" त्या म्हणाल्या.

"आणखी काही नाही," मी म्हणालो. "मोजण्यासारखे एवढेच होते का, कोण जाणे."

त्यांनी नवे पान उलटले आणि म्हणाल्या, "त्या जुळ्यांचं परत सांगा. थोरली कुठली, उजवीकडची?"